सातबारा अण्णांचा, बाग माझी, आणि आई कुठं?

आज फवारणी, खत, बहार यातलं काही नाही. बागेला ताण दिलाय, हस्त बहार धरायचाय, पंधरा दिवस हात जरा मोकळे आहेत. म्हणून गेल्या दीड वर्षात आमच्या घरात जे काम चाललं होतं त्याची नोंद लिहून ठेवतो. शेतातलंच काम आहे, फक्त ते बांधावर नाही, ओसरीवर बसून करावं लागलं.

आमचं सांगोला तालुक्यातलं शिवार. अण्णा आता ७८ वर्षांचे, आई ७२. आम्ही चार भावंडं. दादा पुण्यात नोकरीला, ताई मंगळवेढ्याकडं दिलेली, मग मी, आणि सगळ्यात लहान बहीण कोल्हापुरात. शेतात राहिलो तो मी. जमीन एकूण साडेसहा एकर, म्हणजे २६० गुंठे, सगळी अण्णांच्या नावावर. त्यातली चार एकर आजोबांनी हयात असताना मुलांत वाटप केलं तेव्हा अण्णांच्या वाट्याला आलेली. अडीच एकर अण्णांनी सूतगिरणीत काम करून, पगारातून घेतलेली. त्या अडीच एकरातल्या दीड एकरात २०१८ ला मी भगवा लावला, साडेचारशे झाडं. ठिबक माझी, बोअरचा खर्च माझा, तेल्या आणि खोडकिडीशी भांडणारा मी. जमीन मात्र माझी नाही.

हा प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर लिहिला नसता. डाळिंब, आंबा, सीताफळ लावणाऱ्या प्रत्येकाचा आहे. ज्वारी चार महिन्यांत निघते. बाग दहा-पंधरा वर्षं उभी राहते. वडलांचं वय सत्तरीच्या पुढं आणि झाडाचं वय तीन वर्षं, तेव्हा जमिनीच्या हिशोबाबरोबर माणसाच्या आयुष्याचा पण हिशोब करावा लागतो. तो करायला तोंड उघडत नाही, हीच खरी अडचण.

आमच्याच शिवारात एक खातं आहे. नाव गाव लिहीत नाही. खातेदार बारा वर्षांमागं गेले. वारस नोंद करायची राहून गेली, "करू की, पळून चाललीय का जमीन" असं म्हणत. मधल्या काळात दोन वारस पण गेले, त्यांचे वारस आले. आता नावं लावायची म्हटली तर चौदा होतात. त्यातले तिघे मुंबईला, एक सून माहेरी गेलेली, एका नातवाचा पत्ताच नाही. कसणारा भाऊ एकच. त्याला सोसायटीचं पीककर्ज मिळत नाही, ठिबकच्या अनुदानाला अर्ज करता येत नाही, कारण सातबाऱ्यावर अजून मेलेला माणूस आहे. आपल्या राज्यात अशी खाती इतकी आहेत की २०२५ मध्ये सरकारला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच काढावी लागली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची. मोहीम चांगलीच आहे. पण वारस लागले म्हणजे वाटणी झाली असं नाही. चौदा नावं लागली तरी कोणता तुकडा कोणाचा हे ठरत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. मी वकील नाही. आमच्या वकिलांनी समजावलं आणि मी वहीत लिहून घेतलं, तेवढंच सांगतो. हे हिंदू वारसा कायद्याचं आहे, इतर धर्मीयांना वेगळे नियम आहेत.

पहिली गोष्ट, वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या मालकीचं जे असेल ते बायको, मुलं, मुली आणि त्यांची आई हयात असेल तर ती, या सगळ्यांत सारखं वाटलं जातं. लग्न झालेली मुलगी पण सारखीच. आमच्या घरात आई आणि चार भावंडं, म्हणजे पाच सारखे वाटे. शेतात राबलो म्हणून मला जास्त आणि पुण्यात आहे म्हणून दादाला कमी, असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही.

दुसरी, 'वडिलोपार्जित' हा शब्द आपण पारावर वापरतो तितका सोपा नाही. आजोबांकडनं आलेली प्रत्येक जमीन कायद्यानं वडिलोपार्जित ठरतेच असं नाही. ती कशी आली, आजोबा हयात असताना वाटपानं आली की ते गेल्यावर वारसानं आली, कोणत्या साली आली, यावर ठरतं. म्हणून वकिलांनी पहिल्या दिवशी सातबारा बाजूला ठेवला आणि जुने फेरफार मागितले. अडीच एकराबद्दल एकच प्रश्न विचारला, "पैसे कुठून आले?" अण्णांनी सूतगिरणीच्या पगाराच्या जुन्या स्लिपा आणि खरेदीखत काढून दिलं. पेटीत इतकी वर्षं जपलेला तो कागद त्या दिवशी कामाला आला. शेताच्या उत्पन्नातनं घेतलेली असती तर ती पण घरादाराचीच, असं म्हणायला जागा राहिली असती.

निष्कर्ष असा निघाला, चार एकरात अण्णांसकट आम्हा चारही भावंडांचा हक्क, आणि वाटणी झाली तर आईलाही वाटा. अडीच एकर अण्णांची स्वकष्टार्जित, तिचं काय करायचं ते सर्वस्वी अण्णांनी ठरवायचं.

तिसरी, मुलींचा हक्क. आपल्याकडं अजून बोललं जातं की बहिणीचं लग्न आधी झालंय, तिला काही नाही. महाराष्ट्रानं १९९४ ला दुरुस्ती केली तेव्हा त्या वेळी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, म्हणून तो समज राहिला. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच मुलासारखी हक्कदार झाली. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की २००५ ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं पण नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती मात्र मोडत नाही. त्यानंतरची कुजबुज सोडून द्या.

आता घरातलं सांगतो.

दिवाळीत सगळे जमले होते तेव्हा विषय मीच काढला. दादाला वाटलं मी बागेसाठी घाई करतोय. तसं त्यानं म्हणूनच दाखवलं. मी म्हणलं, हो, बागेसाठीच करतोय, लपवायचं काय त्यात? पुढच्या वर्षी मर लागलेली झाडं काढून नवी लावायचीत, दोन-अडीच लाख घालायचेत. कोणाच्या जमिनीत घालतोय ते मला कळलं पाहिजे. दादाचं म्हणणं, अण्णांनी आत्ताच बक्षीसपत्र करून सगळ्यांना देऊन टाकावं, रक्ताच्या नात्यात मुद्रांक फार लागत नाही, एकदाचं मिटेल.

अण्णा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "दिलं की दिलंच ना ते? परत येतंय का?"

येत नाही. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की मालकी गेली. मृत्युपत्राचं तसं नाही, माणूस जिता असेपर्यंत मालक तोच, आणि दहा वेळा बदलू शकतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम २३ नं सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर रद्द करून मागता येते. पण त्यासाठी ती अट दस्तात लिहिलेली असली की काम सोपं होतं. "प्रेमापोटी देत आहे" एवढंच लिहून दिलं की मग म्हातारपणी भांडत बसावं लागतं. ज्यांनी बक्षीसपत्रच करायचं ठरवलंय त्यांनी ही ओळ विसरू नका.

ताई सगळ्यात शेवटी बोलली. ताईचे मालक चार वर्षांमागं गेले. सासरी तिचं नाव अजून सातबाऱ्यावर आलेलं नाही, दीर आज-उद्या करतायत. ती म्हणाली, "मला पैसं नकोत. पैसं पोरं मागून नेतील. मला माझ्या नावाचं रान पायजे, अर्धा एकर का असंना." त्यावर कोणी काही बोललं नाही. धाकटी म्हणाली मी हक्कसोड देते, मला काय करायचंय रान. तेव्हा आईनं तिला गप्प केलं. "भाऊबीज आहे परवा. ओवाळणीच्या ताटात सही करायची नसती. घरी जा, नवऱ्याशी बोल, सहा महिन्यांनी सांग." हक्कसोडपत्र नोंदवलं की ते पण परत फिरत नाही. आईला कलम माहीत नव्हतं, पण बरोबर तेच सांगत होती.

आणि मग आईचं स्वतःचं. आम्ही सगळे वाटे मोजत होतो, पाच का सहा, किती गुंठे. आईला कोणी विचारलंच नव्हतं. ती चुलीपासनं उठून आली आणि म्हणाली, "माझी पाळी लावू नका म्हंजे झालं."

ज्यांच्या गावात ही रीत आहे त्यांना कळेल. वाटण्या झाल्या की आईबाप वाटले जातात. महिना थोरल्याकडं, महिना धाकट्याकडं. आमच्या भावकीत एका चुलतीला दर महिन्याच्या एक तारखेला पिशवी घेऊन या दारातनं त्या दारात जाताना आईनं दहा वर्षं बघितलंय. त्या घरातली पोरं वाईट नव्हती. कागदावर सगळं पोरांचं झालं होतं, म्हातारीचं काहीच नव्हतं, म्हणून ती पाहुणी झाली.

त्या दिवशी हिशोबाची सुरुवातच बदलली. आधी आईचं काढायचं, मग बाकीच्यांचं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या काळात शरद जोशींचं ऐकून आमच्या भागात पण काहींनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या होत्या. अण्णा तेव्हा सभांना जात, टाळ्या वाजवून यायचे, असं आई हसत हसत सांगते. आता टाळ्यांचं कागदावर आणायची वेळ होती.

दोन दिवाळ्यांच्या मध्ये जे ठरलं ते असं. चार एकराचं, म्हणजे १६० गुंठ्यांचं नोंदणीकृत वाटणीपत्र. आईला ४० गुंठे, विहिरीजवळचे, रस्त्याला लागून. आम्हा चौघांना तीस-तीस. अण्णांनी त्या चार एकरात स्वतःला काही ठेवलं नाही, त्यांची अडीच एकर आहेच. ती अडीच एकर ते हयात असेपर्यंत त्यांचीच. तिचं मृत्युपत्र केलं, बागेचे ६० गुंठे मला आणि राहिलेल्या चाळीसपैकी वीस-वीस ताईला आणि धाकटीला. दादाला फ्लॅट घेताना अण्णांनी जे दिलं होतं ते मृत्युपत्रात कारण म्हणून लिहिलं. दादा यावर नाराज झाला. दोन महिने फोन नव्हता. मग स्वतःच आला, म्हणाला आकडा बरोबर लिहा, मी चार घेतले होते, तुम्ही तीन लिहिलेत. नाराजी सगळी गेलीय असं मी म्हणणार नाही. पण ती आता अण्णा समोर असताना आहे, त्यांना विचारता येतं. ते गेल्यावर ती कोर्टात गेली असती.

काम करताना जे कळलं, ते उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

बोजा आधी उतरवा. सोसायटीचं कर्ज सातबाऱ्याच्या इतर हक्कात होतं. जूनमध्ये भरून, दाखला घेऊन, बोजा कमी केला, मगच वाटणीपत्राला हात घातला.

तुकड्याचं क्षेत्र बघा. तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे आणि २०२३ च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायताला २० गुंठे आणि बागायताला १० गुंठे आहे. कागदावर वाटे पाडताना त्याच्या खाली जाऊ नका. महाराष्ट्रात १९७०-७१ ला सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ ला १.३४ वर आलं. पुढच्या पिढीत पाच-पाच गुंठ्यांचे वाद हेच पीक येणार आहे. वाटा मालकीचा आणि कसणं एकत्र, असं पण करता येतं. दादाचे आणि धाकटीचे तीस-तीस गुंठे मीच कसतो, दरवर्षी ठरलेला खंड देतो, साध्या कागदावर लिहून सह्या आहेत.

पाणी आणि वाट लिहा. विहीर आईच्या वाट्यात आली. पाण्याच्या पाळ्या, पाइपलाइन कोणाच्या रानातून जाणार, मोटारीचं वीजबिल कोण भरणार, ताईच्या रानात गाडी कोणत्या बांधानं जाणार, हे सगळं वाटणीपत्रात आहे. अर्धी भांडणं जमिनीची नसतात, पाण्याची आणि वाटेची असतात. नकाशा जोडा, चतुःसीमा लिहा आणि नंतर भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी करून घ्या.

वाटणीपत्राला खरेदीखतासारखी टक्केवारीची मुद्रांक फी बसत नाही. सगळे सहखातेदार राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करूनही वाटप होतं. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर आधी परवानगीचं विचारा.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची पण नाही. तरी आम्ही नोंदवलं. दोन साक्षीदार पाहिजेत, त्यांच्या समोर सही झाली पाहिजे, आणि ज्यांना मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. साक्षीदार वयानं लहान घ्या, नाहीतर तेच आधी जायचे. अण्णांच्या डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला जोडला, की माणूस शुद्धीत आहे, समजून सही करतोय. वय झालेलं असेल आणि हालता येत नसेल तर दुय्यम निबंधकांना घरी बोलावता येतं.

बँकेतला नॉमिनी मालक नसतो. तो फक्त पैसे ताब्यात घेणारा. वाटा वारसांचाच, किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्याचा. आमच्यात यावर तासभर वाद झाला होता.

खातेदार गेले तर तीन महिन्यांत वारसाची खबर द्यायची असते. तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, किंवा ई-हक्कवरनं. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. दहावा-तेरावा झाला की पहिलं काम हे.

कृषी सहायक आणि सल्लागार मंडळी हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. माती परीक्षणाचा रिपोर्ट बघता तसा बागेची शिफारस करताना सातबारा पण बघा. नाव कोणाचं, वय किती, सहखातेदार किती, संमती मिळेल का. माणूस उत्साहानं लाखभर घालतो आणि पाच वर्षांनी फळ आलेली झाडं वाटणीत दुसऱ्याच्या हिश्श्यात जातात. अशा बागा मी दोन बघितल्यात. पाणी तुटून वाळल्या. रोग कोणताच नव्हता.

गेल्या महिन्यात आईच्या नावाचा सातबारा आला. वयाच्या ७२ व्या वर्षी पहिला. तिनं तो वाचायला लावला, दोनदा. मग विचारलं, "यात काय पेरायचं ते मीच सांगायचं ना आता?" मी म्हणलं हो. म्हणाली मका नको, मालदांडी पेर आणि कडेनं करडई लाव. मका मला परवडला असता. पण खातेदार ती आहे.

वडील-आई सत्तरीच्या पुढं असतील तर या पंधरवड्यात एवढंच करा. जुने फेरफार आणि खरेदीखतं एका फायलीत गोळा करा, आणि आईला एकटीला बसवून विचारा, तुला काय पाहिजे. तिच्या उत्तरावरनं पुढचं ठरवायला सोपं जातं. तुमच्याकडं वाटप कसं झालं, पाणी-वाटेचं काय केलं, ते जरूर कळवा. पुढची नोंद पाणी सोडल्यावर, बहाराची.